ओर्झोसाठी वणवण नको, गव्हले आणा

ताई, इटलीतल्या बारीहून मुंबईला परतल्यापासून ओरेकिएत्ते आणि ओर्झो हे पास्त्याचे प्रकार मिळत नाहीत म्हणालात, म्हणून लिहितेय.

ओरेकिएत्ते क्रॉफर्ड मार्केटमधल्या आयात मालाच्या दुकानांत नाव घेऊन मागा, समोर मांडलेलं असेलच असं नाही. पाकिटावर ड्युरम, म्हणजे कठीण जातीचा गहू लिहिलाय ना, ते आधी वाचा. इटलीत १९६७ पासून कायद्याने वाळवलेला पास्ता ड्युरमचाच लागतो. मैद्याचा जरा जास्त उकळला की लगदा. खडबडीत, पिठूळ दिसणारा मिळाला तर सोडू नका, सॉस त्यालाच नीट धरतो.

ओर्झो मात्र शोधूच नका. दादरला रुखवताचं सामान मिळतं तिथे गव्हले मागा. ओर्झो या नावाचा अर्थ जव, तो पास्ता जवाच्या दाण्यासारखा; आपले गव्हले गव्हाच्या दाण्याएवढे, आणि तेही हातावर वळलेले! मी भाज्यांच्या सूपमध्ये घालते. तुपावर भाजायचे नाहीत, नाहीतर खिरीचा वास येतो. चार मिनिटांनी एक दाणा चावून बघा.

ओरेकिएत्ते दुकानात नाहीच मिळाले तर घरीच करा. बन्सी रवा ड्युरमचाच असतो. तो आणखी बारीक दळून कोमट पाण्यात घट्ट मळा, अंडं नको. अर्धा तास झाकून ठेवा. मग बोटाएवढी वळी करून लहान तुकडे पाडा, बोथट सुरीने पाटावर ओढा आणि अंगठ्यावर उलटा. कानाची पाळी तयार. तुमच्या आईंनी खिरीसाठी नखाने वळलेले नखुले केले असतील तर त्यांनाही बसवा, त्यांचा हात तुमच्याआधी बसेल. पावसाळ्यात मात्र वाळवायला ठेवू नका, बुरशी धरते. केले की लगेच उकळा.