हालचाल लक्षात ठेवणारं खेळणं जागीच डुलतंय, पुढे जात नाही

मुंगळा_कोल्हापूर: शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आठवीची मुलं टोपोबोच्या (हाताने दिलेली हालचाल लक्षात ठेवून तीच करणारं जोडखेळणं) धर्तीवर खेळणं बनवताहेत. सांधा हाताने फिरवून दाखवायचा, मग खेळण्याने तीच हालचाल करायची. दोन एसजी९० सर्वो (सांगितलेल्या कोनात फिरणाऱ्या छोट्या मोटरी), त्यांना चालवायला आर्डुइनो उनो हा कंट्रोलर बोर्ड, ३ मिमी एमडीएफचे (लाकडी भुशाच्या फळीचे) पाय. कोन वाचायला सर्वोच्या आतल्या पोटेन्शिओमीटरच्या (कोनाप्रमाणे व्होल्टेज बदलणारा भाग) मधल्या पिनला चौथी वायर सोल्डर केलीय. पण दोन्ही सर्वो एकदम हलले की उनो रीसेट होतो. हाताने फिरवताना सर्वोच्या आतल्या गिअरचे दात कटकटतात. आणि चाललंच तर जागीच डुलतं.

सोल्डरबाबा: रीसेट करंटमुळे. एसजी९० अडकला की एकटाच ६००-७०० मिलिअँपिअर ओढतो, यूएसबीचे ५०० कुठे पुरणार? ५ व्होल्ट २ अँपिअरचा जुना मोबाइल चार्जर थेट सर्वोंना द्या. ग्राउंड मात्र उनोशी जोडायचीच, नाहीतर सर्वो नुसता थरथरतो. सर्वोजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, टोकं बघून.

पान्हा: रेकॉर्डिंगच्या वेळी सर्वो डिटॅच करताय ना, म्हणजे कोडमधून त्याचा सिग्नल बंद? नाहीतर सर्वो जागा धरून बसतो आणि हात विरुद्ध दात अशी झुंज लागते. डिटॅच केल्यावरही सावकाशच फिरवायचा. मुलं ऐकणार नाहीत, तेव्हा धातूच्या दातांचा एमजी९०एस घ्या.

दर २० मिलिसेकंदांना कोनाची एक नोंद म्हणजे १० सेकंदांच्या ५००. त्या बाइटमध्ये ठेवा, दोन सर्वोंचे १००० बाइट होतात. इंटमध्ये (एका आकड्याला दोन बाइट) ठेवल्या तर २०००, आणि उनोची रॅमच २०४८ बाइट. मग प्रोग्राम काहीही करतो. आधी ० आणि १८० अंशांवर किती रीडिंग येतं ते टिपून त्यावरून मॅप करा, म्हणजे रीडिंगचं अंशांत रूपांतर; ते पूर्ण ० ते १०२३ येत नाही.

डुलण्याचं म्हणाल तर पाय जाताना जितका ढकलतो तितकाच येताना ओढतो, मग पुढे कसं जाणार? एका सर्वोने पाय उचलायचा, दुसऱ्याने पुढे-मागे, आणि दोघांत पाव फेऱ्याचा फरक: उचल, पुढे ने, टेकव, मागे रेट. हे कोडमध्ये लिहून देऊ नका हं. डाव्या हाताने एक सांधा, उजव्याने दुसरा, मुलांनाच सापडू द्या. टोपोबोची सगळी गंमत त्यातच आहे.

उद्यमनगरी: भावा, तळवे बघ आधी. एमडीएफ शाहबादी फरशीवर घसरणारच. पंक्चरवाल्याकडून सायकलच्या ट्यूबचा तुकडा आण, पट्टीची फक्त पुढची कड चिकटव. मागची मोकळी, खाली झुकलेली ठेव. पुढे जाताना ती मागे फरफटते, रेटताना फरशी धरते. सर्वोचा हॉर्न (दांड्यावरची प्लास्टिकची पट्टी) नुसत्या फेव्हिक्विकवर नको, पायाला दोन बारीक स्क्रूने आवळ. तिथे सैल असलं की निम्मा कोन तिथेच जातो.

मुंगळा_कोल्हापूर: चार्जरने रीसेट थांबला. ट्यूब उद्या.