बर्गमास्को: विंचरू नका, जटा हातानेच सुट्ट्या करा

या चर्चेत कुणीतरी बर्गमास्को कुत्र्याला आठवड्यातून दोनदा ब्रश करायला सांगितलंय. कृपया करू नका. उत्तर इटलीतल्या आल्प्समधल्या या मेंढपाळ कुत्र्याला तीन प्रकारचे केस असतात: मऊ अंतर्लोकर, बकरीसारखे राठ लांब केस आणि वरची लोकर. कुत्रा वर्षभराचा होतो त्या सुमारास ते एकमेकांत गुंतून जटा व्हायला लागतात.

त्या वेळी जटा हाताने, टोकापासून कातडीपर्यंत फाडत सुट्ट्या करायच्या. मुळाशी प्रत्येक जट साधारण 3-4 सेंमी रुंद ठेवा. फार बारीक केली तर ती पुढे तुटते. न फाडता सोडली तर पाठीवर एकसंध नमदा (घट्ट गुंतलेल्या लोकरीचा जाड थर) तयार होतो, त्याखाली हवा खेळत नाही. हे काम कित्येक तासांचं आहे. पुढचे काही आठवडे मुळाशी जटा पुन्हा चिकटल्यात का, ते बोटांनी तपासत राहा. नंतर फारसं काही नाही.

आंघोळ वर्षातून दोन-तीनदा पुरे. खरी अडचण वाळवण्याची: वरून कोरडी लागणारी जट आत ओली राहते, मग कुबट वास आणि त्वचेचा संसर्ग. जट मुठीत दाबून पाणी काढा, घासू नका, पंखा लावा. उन्हाळ्यात सफाचट करू नका. जटा जमिनीपर्यंत यायला पाच-सहा वर्षं लागतात.

स्वभावाबद्दल याच चर्चेत 'हट्टी' म्हटलंय, ते पटत नाही. हा कळपामागे स्वतःच्या अकलेने काम करणारा गडी. एकच हुकूम दहादा दिलात तर सरळ दुर्लक्ष करेल.