कव्हरेज ९७ वर अडकलंय, वेव्हर टाकू का?

ठाणेकर_डीव्ही: मंडळी, आठ वर्षं ब्लॉक लेव्हलला, म्हणजे चिपच्या एकेका भागाचं डिझाइन तपासायला, यूव्हीएम टेस्टबेंच लिहिले, आता अचानक सर्व्हर चिपच्या कॅश कोहेरन्सीची (सगळ्या कोअरच्या कॅशमध्ये एकाच डेटाच्या प्रती जुळत्या ठेवण्याची) टीम गळ्यात पडलीय. मी ऐरोलीत, डिझाइनवाले बंगलोरला, अर्धा दिवस कॉलवरच. फंक्शनल कव्हरेज (तपासायच्या प्रसंगांपैकी किती टेस्टमध्ये घडले) दोन आठवडे ९७ टक्क्यांवर ठाण मांडून बसलंय, साहेब म्हणतात उरलेल्या बिन्सना (न घडलेल्या प्रसंगांना) वेव्हर टाक, म्हणजे सूट दे, टेपआउट (डिझाइन फॅक्टरीला पाठवणं) जवळ आलंय. काय करू?

घणसोलीवाला: टाक की. फक्त प्रत्येक बिनपुढे कारण लिही आणि डिझायनरचा ओके मेलवर घे, नाहीतर सिलिकॉनमध्ये काही निघालं की सगळे तुझ्याकडेच बघणार. जे बिन लागूच शकत नाहीत असं वाटतं ते फॉर्मलला (गणिती सिद्धता करणाऱ्या टूलला) दे, अनरीचेबल म्हणजे कधीच घडू न शकणारे आले तर विषय संपला.

वाशीची_ताई: ते ३ टक्के राहू दे रे, आधी ९७ कशाचे आहेत ते बघ. कव्हरेज मॉडेल आपणच लिहितो, जे सुचलंच नाही ते रिपोर्टमध्ये दिसणार कुठून? १९९४ चा पेंटियमचा भागाकाराचा बग माहितीये ना, टेबलमधल्या काही नोंदी भरायच्याच राहिल्या, इंटेलला ४७.५ कोटी डॉलरचा फटका. आणि ते नुसतं एक टेबल होतं! तुझ्याकडे दोन कोअर एकच लाइन (कॅशमधला डेटाचा तुकडा) लिहायला मागतायत, तेवढ्यात तीच लाइन एव्हिक्ट होतेय, म्हणजे कॅशबाहेर फेकली जातेय, वर त्यातला एक कोअर झोपायला निघालाय, असं सगळं एकदम कधी मारलंयस? सुटं सुटं सगळं कव्हर झालेलं असतं. आमच्या एका प्रोजेक्टला रिपोर्ट १०० दाखवत होता, मग कॅश मुद्दाम छोटी करून रँडम चालवलं तर आठवड्यात ४ हँग. रडावं की हसावं कळेना.

ठाणेकर_डीव्ही: ताई, आम्ही ॲड्रेस पूर्ण रेंजमध्ये रँडम करतोय.

वाशीची_ताई: अरे देवा, मग टक्कर होणार कधी! कॅशच्या एकाच सेटमध्ये पडणारे मोजके ॲड्रेस घे, वेजपेक्षा (त्या सेटमधल्या जागांपेक्षा) दोनचार जास्त, आणि सगळ्या कोअरना त्यावरच सोड.

घणसोलीवाला: हे बरोबर आहे. आणि टाइमआउटचा चेकर आहे ना नक्की? नसला तर हँग झालेली टेस्ट रात्रभर सर्व्हर फार्मवर सिम्युलेटरचं लायसन्स खात बसते.

ठाणेकर_डीव्ही: काल रात्री १२ ॲड्रेसवर टाकून झोपलो. सकाळी ट्रान्स हार्बरच्या गर्दीत उभ्याउभ्या मेल उघडला, ३ टेस्ट टाइमआउट, तिन्ही एकाच स्नूपच्या (ही लाइन तुझ्याकडे आहे का, असं दुसऱ्या कॅशला विचारणाऱ्या मेसेजच्या) उत्तराची वाट बघत अडकल्यात. कव्हरेज अजून ९७ च. ११ च्या कॉलला साहेबांना कोणता आकडा आधी सांगू?

घणसोलीवाला: ३.