खाजनाकाठच्या चिकणमातीत आयरिस कसा लावावा?

दिवाडीकर: गोव्यात खाजनाकाठी (खाडीलगतची, बांध घालून राखलेली खारी शेतजमीन) बाग आहे. माती काळी, चिकट. पावसात चिखल, एप्रिलात भेगा. दाढीवाला (पाकळीवर केसाळ पट्टा असलेला) आयरिस लावायचाय. वाळू किती मिसळू?

मातीमित्र: वाळू नकोच. थोडी वाळू पडली की चिकणमाती विटेसारखी घट्ट बसते. आधी एक सुकं ढेकूळ पावसाच्या पाण्यात ठेवा, ढवळू नका. पाणी दुधाळ झालं तर सोडियम जास्त. तिथे चौरस मीटरला अर्धा किलो जिप्सम (मातीतला सोडियम सोडवणारी कॅल्शियमची खनिज भुकटी). ढेकूळ नुसतं फुटून तळाशी बसलं तर जिप्समवर पैसे घालू नका. वाफा मात्र फूटभर उंच हवाच: दोन भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत.

कुळागर: वाफा बरोबर, पण दाढीवाला सोडा. फुलायला त्याला हिवाळ्याची कडक थंडी लागते, ती गोव्यात नाही. आणि जून ते सप्टेंबर कंद कुजतो तो वेगळाच. त्याऐवजी निओमारिका, म्हणजे ‘चालणारा आयरिस’ लावा. सकाळचं ऊन, दुपारी माडाची सावली. ऑक्टोबरात दीड-दीड फुटावर, कंद जेमतेम झाकेल इतकाच. फूल एकच दिवस टिकतं, पण दांडीच्या टोकाला रोप येतं. ते वाकवून मातीला टेकवा, मुळं धरतं. फार देखणं झाड आहे!

दिवाडीकर: पाणी दुधाळच झालं. जिप्सम आताच घालू?

मातीमित्र: मेअखेर पसरून वरच्या चार इंचांत मिसळा. सोडियम खाली धुऊन न्यायला पाऊसच हवा, आणि पाण्याला बाहेर जायला चर. उन्हाळ्यात विहीर खारट होत असेल तर ते पाणी वाफ्याला घालू नका.