इंग्रजीत कॉमा नक्की कुठे चालत नाही?

सांगलीची_मावशी:
भाची आयेल्ट्सची तयारी करतेय, तिचे निबंध मी वाचते. शब्द चांगलेत, स्पेलिंगही बरोबर, पण कॉमा दिसला की सॉफ्टवेअर लाल रेघ मारतं. उदा. "इट वॉज रेनिंग, वुई स्टेड होम." मराठीत "पाऊस पडत होता, आम्ही घरीच थांबलो" असं आपण बिनधास्त लिहितो ना, मग इंग्रजीत काय बिघडलं? आणि हाउएव्हरच्या आधी कॉमा टाकला तरी रेघ येते, बटच्या आधी टाकला तर नाही. हे तिला कसं समजावू?

जुना_मास्तर:
ताई, याला कॉमा स्प्लाइस म्हणतात. दोन्ही बाजूंना कर्ता-क्रियापद असलेलं पूर्ण वाक्य असेल तर नुसत्या कॉमाने ती जोडायची नाहीत. फुलस्टॉप द्या, सेमीकोलन द्या, नाहीतर कॉमानंतर सो घाला, किंवा सुरुवातीला ॲज लावून पहिलं वाक्य गौण करा, मग तोच कॉमा चालतो.

मराठीत खपतं कारण आपलं क्रियापद बहुतेक शेवटी येतं, "होता" वाचलं की वाक्य मिटलं हे कळतं. इंग्रजीत क्रियापद मधे, पुढे अजून काहीही येऊ शकतं. तिला हे वाक्य कॉमाशिवाय वाचायला द्या: "व्हाइल वुई वेअर ईटिंग द चिल्ड्रन केम होम." अर्ध्यापर्यंत आपण पोरंच खातोय!! ईटिंगनंतर कॉमा टाकला की सगळं जागेवर. आता मराठीत म्हणा, "आम्ही जेवत असताना मुलं घरी आली", कॉमाची गरजच नाही, "असताना"नेच काम केलं. म्हणून माझं मत, नियम पाठ करून घेण्याआधी तिला प्रत्येक वाक्यातलं क्रियापद शोधायला लावा.

हाउएव्हरचं म्हणाल तर ते क्रियाविशेषण आहे, वाक्य जोडणारं अव्यय नाही. ते वाक्यात आत सरकवता येतं, "वुई, हाउएव्हर, रीच्ड ऑन टाइम". बट असं सरकवून बघा, जमत नाही. त्यामुळे दोन वाक्यांमधे हाउएव्हर आलं तर आधी सेमीकोलन किंवा फुलस्टॉप, नंतर कॉमा.

पोर्टलँड_रिटर्न:
मास्तरांशी सहमत, फक्त एक भर. कॉमा नसला तरी केवढा गोंधळ होतो त्याचं खरं उदाहरण अमेरिकेतल्या मेन राज्यातलं. तिथल्या ओव्हरटाइमच्या कायद्यात ज्या कामांना जादा दर लागू नाही त्यांची यादी होती, तिचा शेवट "पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्युशन" असा, आणि ऑरच्या आधी कॉमा नव्हता. मग डिस्ट्रिब्युशन हे वेगळं काम की पॅकिंगच दोन्हीसाठी? ओकहर्स्ट डेअरीचे ड्रायव्हर माल पोचवायचे, पॅकिंग करत नव्हते. 2017 मधे अपील कोर्टाने वाक्य संदिग्ध ठरवून त्यांच्या बाजूने कौल दिला, 2018 मधे 50 लाख डॉलरवर तडजोड झाली. यादीतल्या शेवटच्या ऑर/अँडच्या आधीचा हा कॉमा बरेच ब्रिटिश लेखक गाळतात, त्यात चूक नाही, पण अर्थ फाटत असेल तिथे टाकावाच.

सांगलीची_मावशी:
मुलं खाण्याचं वाक्य आत्ताच वाचून दाखवलं, ती खुर्चीतून पडायची बाकी होती 😄 मास्तर, अजून एक, "माय ब्रदर हू लिव्हज इन पुणे" यात कॉमा येतो का?

जुना_मास्तर:
भाऊ किती आहेत त्यावर! एकच असेल तर ब्रदरनंतर कॉमा आणि पुणेनंतरही कॉमा, कारण पुण्याची माहिती वरची. दोन-तीन असतील आणि त्यातला पुण्याचा म्हणायचा असेल तर एकही कॉमा नको.