शब्द हवा आहे: मुलींच्या गटावरच्या हरकतीला उत्तर लिहिताना

चोपडा, क्रीडाशिक्षिका:
नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या शालेय स्पर्धेत घडलेला प्रसंग डोक्यातून जात नाही. १७ वर्षांखालील मुली, ८०० मीटर. माझी विद्यार्थिनी पहिली आली. उंच आहे, केस बारीक कापलेले, आवाज थोडा घोगरा. फक्कीच्या रेषेपलीकडे गुडघ्यांवर हात टेकून ती दम घेत होती, तेवढ्यात कुंपणाकडून कुणीतरी ओरडलं, "हाई पोर शे का पोऱ्या?" चार जण हसले. तिने मान वर केली नाही, बुटाची नाडी सोडून परत बांधत राहिली. मग लेखी हरकत आली: "सदर खेळाडूचे लिंगनिदान करावे." जन्मदाखला, बोनाफाईड, आधार पाहून पंचांनी ती फेटाळली. आता शाळेच्या वतीने मला दोन परिच्छेदांचं उत्तर द्यायचं आहे आणि पहिल्याच ओळीला अडले आहे. लिंगनिदान हा शब्द मला माझ्या कागदावर नको. लिंगचाचणी लिहू, तपासणी लिहू, की आणखी काही?

धुळे, स्त्रीरोगतज्ज्ञ:
मॅडम, लिंगनिदान आधी खोडा. हा शब्द आपल्याकडे रिकामा नाही. १९९४ च्या कायद्यापासून प्रत्येक सोनोग्राफी केंद्राच्या भिंतीवर "येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही" अशी पाटी असते. २०११ च्या जनगणनेत तुमच्या जळगाव जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटातल्या मुली किती कमी भरल्या, ते आठवून पाहा. पोटातल्या मुली ज्या शब्दापायी गेल्या, तोच शब्द पंधरा-सोळा वर्षांच्या धावणाऱ्या मुलीला लावायचा?

तपासणी आणि चाचणी यांतही फरक ठेवा. तपासणी अंगाची होते, चाचणी नमुन्याची. खेळाच्या इतिहासात दोन्ही झाल्या. १९६६ साली बुडापेस्टच्या युरोपीय स्पर्धेत धावपटू बायकांना डॉक्टरांपुढे विवस्त्र उभं राहावं लागलं, ती तपासणी. १९६८ च्या ऑलिंपिकपासून गालाच्या आतल्या पेशी घेऊन गुणसूत्रं पाहू लागले, ती चाचणी. तुमच्या मैदानावर यातलं काहीच झालं नाही, फक्त कागद पाहिले गेले. कागद पाहण्याला आपल्याकडे पडताळणी म्हणतात. जात पडताळणीमुळे हा शब्द घराघरात माहीत आहे.

चोपडा, क्रीडाशिक्षिका:
पडताळणी आवडला. "पात्रता पडताळणी" असा जोडशब्द केला तर?

अमळनेर, निवृत्त मराठी शिक्षक:
करा, पण ताई, पात्रता शब्दाची दुसरी बाजूही पाहून घ्या. पात्र म्हणजे भांडं, नाटकातलं पात्र, तापीचं पात्र. ज्यात काही सामावतं ते पात्र. इथवर शब्द फार सुंदर आहे. पण मराठी कानाला "सत्पात्री दान" आणि "कुपात्री दान" हेही ठाऊक आहे, म्हणून "अपात्र" म्हटलं की ऐकणाऱ्याला नालायक ऐकू येतं. कबड्डीत, खोखोत आपण "बाद" म्हणतो. बाद झालेली पोर बाहेर बसते आणि पुढच्या डावात परत उतरते, तिच्या चारित्र्यावर कोणी बोट ठेवत नाही. अपात्र ठरलेलीला मात्र गावात तोंड दाखवणं कठीण होतं.

याहून वाईट शब्द "नापास". २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत तमिळनाडूच्या शांती सौंदराजनने ८०० मीटरमध्ये रौप्य मिळवलं आणि पुढे ते काढून घेतलं गेलं. तेव्हापासून "लिंगचाचणीत नापास" असं सर्रास लिहिलं जातं. नापास कोण होतो? ज्याने अभ्यास केला नाही तो. या मुलीने कोणता अभ्यास करायचा राहिला होता? उत्तेजक घेणारा दोषी असतो, कारण त्याने काहीतरी केलेलं असतं. इथे कुणी काही केलेलं नाही. "नियमात बसत नाही" एवढंच म्हणावं. बसत नाही म्हटलं की निदान नियमाकडेही पाहता येतं, कधी तोही आखूड असतो.

शहादा, पपई उत्पादक:
सर, एक विचारतो. आमच्याकडे तैवान ७८६ पपई लावतात. फूल येईपर्यंत झाड कोणतं ते कळत नाही. मादी झाडाचं फळ गोलसर, उभयलिंगी झाडाचं लांबट. व्यापारी लांबटच मागतो, म्हणून आमच्या बांधावर उभयलिंगी म्हणजे भलं झाड. कडक उन्हाळ्यात त्याच झाडाला नुसती नराची फुलंही लागतात, आणि त्यात कुणाला नवल वाटत नाही. मग माणसासाठी हाच शब्द चालेल ना? झाडाला कमीपणा नाही तर माणसाला का असावा?

धुळे, स्त्रीरोगतज्ज्ञ:
भाऊ, तुमच्या मनातली गोष्ट मोलाची आहे, पण शब्द माणसाला बसत नाही. उभयलिंगी फुलात स्त्रीकेसर आणि पुंकेसर दोन्ही पुरते काम करतात. माणसात असं होत नाही. गुणसूत्रं एक सांगतात, संप्रेरकं दुसरं, बाह्य अंग तिसरं, अशी ती गुंतागुंत असते. शिवाय स्त्री-पुरुष दोघांविषयी ओढ असणाऱ्यांनाही वर्तमानपत्रं उभयलिंगी म्हणतात. त्यापेक्षा "आंतरलिंगी" बरा. आणि वैद्यकीय कागदावर "विकृती" लिहू नये, "लैंगिक विकासातील वेगळेपण" लिहावं.

"तृतीयपंथी" मात्र इथे अजिबात नको, तो वेगळा विषय आहे. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने मार्च २०२३ मध्ये दोन्हींसाठी वेगवेगळे नियम केले. पुरुष म्हणून वयात आलेल्या पारलिंगी स्त्रियांना, म्हणजे जन्मतः पुरुष मानलं गेलं पण स्वतःला स्त्री मानतात त्यांना, महिला गट बंद केला. आंतरलिंगी खेळाडूंना टेस्टोस्टेरॉन सलग २४ महिने लिटरला २.५ नॅनोमोलच्या खाली ठेवण्याची अट घातली. आपल्या बातम्यांत दोघींना एकच शब्द लावतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, कुणी पुरुष साडी नेसून पळायला आला.

टेस्टोस्टेरॉनला "पुरुषी संप्रेरक" म्हणणंही सोडायला हवं. ते प्रत्येक बाईच्या रक्तात असतं, फक्त कमी.

पारोळा, एका धावपटू मुलीचे वडील:
सगळं वाचलं. माझी मुलगी ४०० मीटर पळते, पहाटे पाचला मी तिच्याबरोबर मैदानावर असतो. हरकत घेणाऱ्या पालकाला एकदम दुष्ट ठरवू नका, एवढंच म्हणायचं आहे. कुंपणावरून ओरडणं वाईटच. पण त्याच्या मनातला प्रश्न खोटा नाही. वयात आल्यावर मुलांच्या अंगात जी ताकद येते, त्यामुळे वरच्या पातळीवर धावण्यात पुरुष आणि बायकांत दहा-बारा टक्क्यांचा फरक पडतो. म्हणून तर वेगळा गट केला. यात्रेच्या कुस्त्यांतही आयोजक जोड पाहूनच कुस्ती लावतात. विजोड कुस्ती लागली तर लोक उठून बोलतात. महिला गट हा राखीव गट आहे, जशी सरपंचाची जागा महिला राखीव असते. राखीव म्हटलं की दारात कुणीतरी पाहणार. ते पाहणं रास्त असावं, इतकंच मागतो.

अमळनेर, निवृत्त मराठी शिक्षक:
बापू, "रास्त" हा तुमचा शब्द मला फार पटला. आम्ही "न्याय्यता" वगैरे घडवत बसतो आणि गावातल्या प्रत्येक रास्त भाव दुकानाच्या पाटीवर नेमका शब्द लिहिलेला असतो. समान वेगळं, रास्त वेगळं. सगळ्यांना एकत्र पळवणं समान होईल, रास्त होणार नाही.

याच संदर्भात "भेदभाव" शब्दही पाहा. २०१९ मध्ये क्रीडा लवादाने दक्षिण आफ्रिकेची धावपटू कॅस्टर सेमेन्या हिच्या प्रकरणात दोन विरुद्ध एक मतांनी निकाल दिला की टेस्टोस्टेरॉनच्या मर्यादेचा तेव्हाचा नियम भेदभाव करणारा आहे, पण महिला गट टिकवायला गरजेचा आणि वाजवी आहे. मराठीत हे वाक्य अडखळतं, कारण आपल्याकडे भेदभाव म्हटला की पापच ठरतं, ते वाजवी कसं होईल? "भेद करणारा नियम" म्हटलं तर लवादाचं म्हणणं सरळ उतरतं. भेद डोळ्यांनी दिसतो, भेदभाव मनात असतो. हा भेद मान्य करायचा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावं, पण भाषेने ते आधीच ठरवून टाकू नये.

धुळे, स्त्रीरोगतज्ज्ञ:
बापूंच्या मुद्द्यावर माझंही थोडं. दारात पाहणारा काय पाहतो, यावर सगळं आहे. स्पेनची अडथळा शर्यतपटू मारिया होझे मार्तिनेझ-पातिन्यो १९८५ मध्ये जपानमधल्या कोबेच्या विद्यापीठ स्पर्धेला गेली, चाचणीत वाय गुणसूत्र, जे सहसा पुरुषांत असतं, ते निघालं आणि तिचं खेळणं थांबलं. पण तिचं शरीर टेस्टोस्टेरॉनला दादच देत नव्हतं, त्याचा तिला काडीचाही फायदा नव्हता. तीन वर्षं झगडून १९८८ मध्ये तिला परत मुभा मिळाली. आता सप्टेंबर २०२५ पासून जागतिक ॲथलेटिक्सने महिला गटासाठी एसआरवाय जनुकाची (हे जनुक सहसा वाय गुणसूत्रावर असतं) आयुष्यात एकदाच करायची चाचणी आणली आहे. ती जागतिक क्रमवारीत धरल्या जाणाऱ्या स्पर्धांसाठी आहे, शाळकरी मुलींच्या तालुका स्पर्धेसाठी नाही. हे वाक्य मॅडमनी पत्रात जरूर घालावं.

चोपडा, क्रीडाशिक्षिका:
बापू, तुमचं म्हणणं मान्य. शंका विचारायला माझी ना नाही. शंका पंचांच्या टेबलावर यावी, कागदावर यावी, बंद पाकिटात यावी. मैदानावर मोठ्याने येते तेव्हा ती एकाच प्रकारच्या मुलींवर येते: उंच, सपाट छातीच्या, केस कापलेल्या, शेतात काम करून दंड भरलेल्या. माझ्या सातपुड्याकडच्या निम्म्या पोरी अशाच आहेत. आणि हेही सांगते, त्या दिवसानंतर दुसऱ्या दोघींनी मला विचारलं, "मॅडम, केस वाढवू का?"

पत्राचा मसुदा असा केला आहे: "आपली हरकत मिळाली. सदर खेळाडूच्या पात्रतेची पडताळणी स्पर्धेच्या नियमांनुसार पंचांनी केली असून ती मुलींच्या गटात बसते. शालेय स्पर्धेत कोणत्याही शारीरिक तपासणीची तरतूद नाही. यापुढे अशी शंका असल्यास ती लेखी व गोपनीय स्वरूपात द्यावी, मैदानावर उच्चारू नये."

अमळनेर, निवृत्त मराठी शिक्षक:
उत्तम. "उच्चारू नये" ऐवजी "बोलू नये" करा, ते वाचताक्षणी कळेल. बाकी एकही शब्द हलवू नका.

चोपडा, क्रीडाशिक्षिका:
एक हलवला, सर. पाठवण्याआधी पत्र तिला वाचायला दिलं. तिने दोनदा वाचलं आणि विचारलं, "सदर म्हणजे कोण?" तिथे आता "आमची विद्यार्थिनी" असं लिहिलं आहे.