समुद्राजवळच्या घरासाठी वजन बदलता येणारे डंबेल्स: १५ हजारांत कुठले घ्यावेत?

खाडीकाठ:
नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात घर आहे, किनारा जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर. जवळची जिम १४ किलोमीटर. पावसाळ्यात संध्याकाळी घाटीतून गाडी घालत जाणं-येणं होत नाही, आणि चार महिने खंड पडला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून यंदा घरातच सोय करायचं ठरवलंय.

मी ४३ वर्षांचा, बायको ४०. आईला (६७) डॉक्टरांनी हाडांसाठी हलक्या वजनाचा व्यायाम सुचवलाय. म्हणजे तिघांना पुरेल अशी एकच जोडी हवी. खाली तीन प्रकार बघितलेत: डायल फिरवून वजन बदलणारे, पिन घालायचे चौकोनी, आणि जुन्या पद्धतीचे आटेवाली दांडी, प्लेटा, नट. डायलवाले फार आवडलेत, कारण जागा कमी लागते. बजेट जास्तीत जास्त १५ हजार. खाऱ्या हवेत राहणाऱ्यांनी वापरलेलं काय ते सांगा.

दर्यावर्दी_मालवण:
खाडीकाठ दादा, तुमच्या घराची जागा वाचली आणि लगेच लिहायला बसलो. डायलवाले घेऊ नका. माझ्याकडे होते, म्हणून सांगतो.

ऑनलाइन घेतले होते, २४ किलोपर्यंतची जोडी, ब्रँडचं नाव घेत नाही. पहिलं वर्ष सुंदर गेलं. डायल फिरवायचं, कट्‌ असा आवाज यायचा, उचलायचं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर डायल १२ च्या पुढे जड फिरायला लागलं. मी जोर लावून फिरवत राहिलो, ते चुकलंच. एके दिवशी उजवा डंबेल उचलला तर एका बाजूची प्लेट ट्रेमध्येच (डंबेल ज्यात ठेवतात त्या खोक्यात) राहिली. दुसरी बाजू एकदम खाली गेली आणि मनगट मुरगळलं. तीन आठवडे नांगर सोडा, पाण्याची कळशी उचलता येत नव्हती.

नंतर उघडून बघितला. हँडलच्या आत डायलबरोबर फिरणाऱ्या खाचा असतात, त्या प्रत्येक प्लेटेला पकडतात किंवा सोडतात. त्या खाचांत नारिंगी भुकटी बसली होती, ओल्या हळदीसारखी चिकट. आपल्याकडच्या हवेत मीठ असतं, ते ओल ओढून घेतं. प्लेटांमधल्या फटीत तर फडकंही जात नाही. बाहेरून डंबेल नवाकोरा दिसत होता. दुरुस्तीला पाठवायचं तर दोन्ही मिळून ४८ किलोचं पार्सल, आणि आमच्या पिनकोडवर परत न्यायला कुरिअरवाला येतच नाही.

आटेवाली दांडी घ्या. तिच्यात झाकलेलं काही नाही. जे गंजेल ते डोळ्यांना दिसेल, पुसता येईल, आणि फारच बिघडलं तर नुसती दांडी बदलता येईल. आमच्याकडे म्हणतात, गंजाक औषध नाय. लवकर दिसला तर मात्र त्याला आवरता येतं.

मिऱ्यावारा:
मी रत्नागिरीत, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, समुद्र समोर. डायलवाले ३ वर्षं वापरतोय आणि ते व्यवस्थित चालू आहेत. पण ते आतल्या खोलीत असतात, खिडकी बंद, रोज कापडाने पुसतो, ट्रेखाली लाकडी फळी. सकाळी माझ्याकडे २५ मिनिटं असतात. दांडीचे चार नट काढून पुन्हा घालण्यात त्यातली आठ-दहा जातात. ज्याला वेळ कमी आहे त्याला डायलचा खरंच फायदा आहे, दर्यावर्दींचा अनुभव मान्य करूनही हे सांगावंसं वाटलं.

एक मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा. हा खाऱ्या हवेपुरता प्रश्न नाही. बोफ्लेक्स या ब्रँडचे ५५२ आणि १०९० हे या प्रकारातले सर्वांत प्रसिद्ध डंबेल्स, ५५२ चं वजन साडेबावन्न पौंड म्हणजे २३.८ किलोपर्यंत जातं. जून २०२५ मध्ये अमेरिकेत ते सुमारे ३८ लाख नग परत मागवले गेले, कारण वापरताना प्लेटा हँडलपासून सुटून पडत होत्या. म्हणून मी डायल फिरवल्यावर डंबेल ट्रेच्या वर बोटभर उचलतो, दोन्ही बाजू बघतो, मगच छातीवर घेतो. डोक्यावर तर तसा न बघता कधीच नेत नाही.

आणखी एक, डायलवाल्याची लांबी कमी वजनालाही तेवढीच राहते. ३ किलो लावले तरी हातभर लांब. आईंना ते अवघड जाईल.

सुरंगी:
खाडीकाठ दादा, मी वेंगुर्ल्याची. आटेवाली दांडी चार वर्षं वापरते. पुरुष मंडळी वरचं वजन किती जातं तेवढंच सांगतात. घरात बाई आणि म्हातारं माणूस असेल तर खालच्या पायऱ्या किती आहेत हे आधी बघायला हवं.

दांडी आणि दोन नट मिळून साधारण २ किलो धरा (तुमची स्वतः तोलून बघा). एका दांडीला अडीच किलोच्या चार आणि सव्वा किलोच्या दोन प्लेटा घेतल्या तर वजनं अशी लागतात: २, ४.५, ७, ९.५, १२, १४.५. कागदावर छान दिसतं. पण खांद्याचा व्यायाम ४.५ ने करणाऱ्या बाईला पुढची पायरी एकदम ७. म्हणजे निम्म्याहून जास्त वाढ. माझं इथेच पाच महिने अडलं होतं, आणि मला वाटायचं माझ्यातच ताकद नाही. मग अर्ध्या किलोच्या चार प्लेटा आणल्या. प्रत्येक दांडीला दोन लावल्या की ३, ५.५, ८ अशा मधल्या पायऱ्या मिळतात. दोन महिन्यांत ७ वर गेले. वहिनींसाठी या चार छोट्या प्लेटा पहिल्याच खरेदीत घ्या, नंतर त्याच मापाच्या मिळत नाहीत.

आईंना दांडी देऊच नका. त्यांना १ किलोची आणि २ किलोची वेगळी, रबरी आवरणाची छोटी जोडी घ्या. आणि सुरुवातीला लिटरभर पाण्याची बाटली म्हणजे बरोबर एक किलो, ती मुठीत मावते ना ते बघा. खुर्चीत बसून करू द्यात, पाठ टेकलेली हवी. त्यांचे व्यायाम कुठले ते डॉक्टरांनाच विचारा. आठवड्यातून किमान २ दिवस स्नायूंचा व्यायाम हवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्यामुळे रोज करायचा धाकही नको.

खाडीकाठ:
सुरंगी ताई, हे कुणीच सांगितलं नव्हतं. बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली हेच विचारायचं होतं.

दर्यावर्दी दादा, तुमचं पटलं. आता दोन शंका. प्लेटा कसल्या घ्याव्यात, सिमेंट भरलेल्या प्लास्टिकच्या की बिडाच्या? आणि गंजावर घरचं खोबरेल चालेल का? व्यायाम पडवीत करणार आहे, खाली कोबा आहे.

दर्यावर्दी_मालवण:
बिडाच्या. प्लास्टिकवाल्या गंजत नाहीत हे खरं, आणि बजेट फारच कमी असेल तर त्या चालतात. पण त्या जाड असतात, दांडीवर कमी मावतात, आणि कोब्यावर दोनदा आपटल्या की शिवण उघडून आतला भुगा सांडतो. रबराचं आवरण असलेल्या बिडाच्या मिळाल्या तर सर्वांत उत्तम, फक्त मधल्या भोकाची कड नीट बघून घ्या, गंज तिथूनच आत शिरतो.

खोबरेल नको. ते खवट होतं, चिकट होतं, धूळ धरून ठेवतं आणि थंडीत थिजतं. शिलाई मशीनचं तेल आणा. पण तेलाच्या आधीचं काम जास्त महत्त्वाचं आहे: गोड्या पाण्यात फडकं पिळून मीठ पुसून काढायचं, मग कोरड्या फडक्याने पुसायचं, मग आट्यांवर तेलाचे दोन थेंब. मिठावरच तेल चोपडलं तर खाली गंज चालूच राहतो. माझ्याकडे पावसात हे आठवड्याला एकदा, एरवी महिन्याला. नटाच्या आत काळी रबरी रिंग असते, तिला तेल लागू देऊ नका. ती फुगते, मऊ पडते आणि नट पकड सोडतो.

व्यायामाच्या एका फेरीनंतर, पुढची सुरू करायच्या आधी, नट प्रत्येक वेळी आवळायचे. मनगट फिरवणाऱ्या व्यायामात ते हळूहळू सैल होतात, कळतही नाही.

प्लेटांचा रंग उडाला तर रेड ऑक्साइड मारून वर ऑइलपेंट द्या, होडीला देतो तसा. आणि व्यायाम पडवीत करा, पण डंबेल्स रात्री माजघरात, लाकडी फळीवर. पावसात लादीला, कोब्याला घाम सुटतो. प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच गुंडाळू नका, ओल आत कोंडते.

कोब्यासाठी गोठ्यात गुरांखाली घालतात ती जाड रबरी मॅट घ्या. जिमच्या नावाने विकतात त्या मॅटपेक्षा ती मला स्वस्त पडली, आणि अजून तशीच आहे.

परळचा_चाकरमानी:
आमचं गाव राजापूर, राहतो मुंबईत. गेल्या गणपतीला भावासाठी असाच संच नेला, म्हणून खरेदीचं सांगतो. "२० किलोचा सेट" म्हणजे दोन्ही डंबेल्स मिळून २० किलो, एका हाताला १०. जाहिरात वाचताना हे घोळतंच. दुकानात जाऊन घेणार असाल तर प्लेटा काट्यावर ठेवायला सांगा. आमच्या अडीच किलोच्या दोन प्लेटांमध्ये हाताला कळेल एवढा फरक होता, दुकानदाराने लगेच बदलून दिल्या. भोक आणि दांडी एकाच मापाची आहेत का तेही तिथेच घालून बघा. सैल प्लेट खडखडते आणि नट लवकर ढिला करते.

दांडी १४ इंची पुरते. त्याहून लांब घेतली तर बसून करताना टोक मांडीला घासतं.

खाडीकाठ:
ठरलं. १४ इंची दोन दांड्या, अडीच किलोच्या आठ, सव्वा किलोच्या चार, अर्ध्या किलोच्या चार, आणि आईसाठी छोट्या दोन जोड्या. मेहुणा मुंबईहून पुढच्या आठवड्यात गाडी घेऊन येतोय, त्याच्याबरोबर मागवतो. एवढं घेऊनही बजेट उरतंय, त्यात मॅट आणि एक साधा बाक होईल असं वाटतं.

दर्यावर्दी_मालवण:
बाक घेताना त्याचे बोल्टही बघा, तेही लोखंडच. आणि मेहुण्यांना सांगा, दुकानातच चारही नट दोन्ही दांड्यांच्या दोन्ही टोकांना शेवटपर्यंत फिरवून बघायचे. एखादा जरी अडला तरी ती दांडी घ्यायची नाही. तसेच दोन नट जास्तीचे आणायला सांगा, रबरी रिंगसकट.